गच्चीवरचं ऊन : पापडापासून पॅनेलपर्यंत



मागच्या आठवड्यात धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे सोलर बसवायचं घाटतंय. मला वाटलं खर्च विचारतील, सबसिडी विचारतील. तर पहिला प्रश्न असा, "ताई, सगळ्या गच्चीवर पॅनेल आले तर कुरडया वाळवायच्या कुठं?" मी हसले खरी, पण फोन ठेवल्यावर विचार करत बसले. गच्चीवरच्या उन्हावर पॅनेलच्या आधी आपलाच हक्क होता की! अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चालत नाही, म्हणून सांडगे, पापड, कुरडया, वाळवलेल्या कडधान्यांची बेगमी आपण उन्हाच्याच जिवावर करत आलो. साखर घातलेल्या कैरीच्या किसाची बरणी, तोंडाला फडकं बांधून, पंधरा दिवस उन्हात ठेवून छुंदा करणाऱ्या गुजराती शेजारणीही तेच करतात. याला कोणी सौर ऊर्जा म्हटलं नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणून आज आधी थोडा इतिहास सांगते आणि मग हिशेब. बी.कॉम. झाल्याला चाळीस वर्षं होऊन गेली तरी हिशेबाशिवाय मला चैन पडत नाही.

माझ्या लहानपणी गावात वीज होती, पण असून नसल्यासारखी. दुपार कलली की आई कंदिलाची काच राखेनं पुसायला बसायची. काच पुसायची, वात कापायची, पण कंदील लागायचा तो जेवणं उरकल्यावरच. दिवस असताना जेवायचं हा आपला नियम, त्यामुळे रॉकेल इतर घरांपेक्षा कमी लागायचं. दिव्याभोवती जमणारे किडे-पाखरं बघितली की रात्रिभोजनत्यागाचं कारण वेगळं समजवावं लागायचं नाही. आंघोळीला मात्र तांब्याचा बंब, आणि त्यात लाकडं, बगॅस, गोवऱ्या. त्या धुरात आईचे डोळे रोज लाल होत. त्याचा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नव्हता.

हा धूर आणि हे जळण वाचवावं म्हणून दीडशे वर्षांपूर्वी आपल्या मुंबईतच एक माणूस धडपडत होता, हे मला बरंच उशिरा समजलं. विल्यम ॲडम्स त्याचं नाव. मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार, म्हणजे कागदपत्रांतला इंग्रज. हिंदुस्थानात कोळसा महाग आणि लाकूड तोडून तोडून संपत चाललेलं, मग इथलं एवढं ऊन वाया का घालवायचं, असा त्याचा साधा प्रश्न. त्यानं कुलाब्यात सपाट आरसे अर्धगोलात मांडून त्यांचा उजेड एका बॉयलरवर पाडला आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालवून लोकांना दाखवला. आरसे सपाट वापरले, कारण वळवलेल्या आरशांपेक्षा ते स्वस्त. हे वाचून मला तो माणूस आवडलाच. शिवाय त्यानं आतून आरसे लावलेली आठ बाजूंची एक लाकडी चूल केली. जानेवारीच्या उन्हात सात शिपायांचं जेवण तिच्यात दोन तासांत शिजल्याचं त्यानं नोंदवलंय. (जेवण मांसाचं होतं, ते सोडून द्या. आपण डाळ-भात धरू.) १८७८ साली त्यानं या विषयावर पुस्तक लिहिलं. पुढे कोळसा रेल्वेनं स्वस्तात पोचायला लागला आणि ॲडम्सचे आरसे विस्मरणात गेले.

हीच गोष्ट अमेरिकेत पाणी तापवण्याच्या बाबतीत झाली. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं काचेच्या पेटीत काळ्या टाक्या ठेवून उन्हात पाणी तापवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. गंमत बघा, त्यानं ते आधी कुणाला विकलं? बायको आणि नोकर-चाकर उन्हाळ्यात थंड हवेच्या गावी गेल्यावर घरी एकटे राहणाऱ्या पुरुषांना! आंघोळीचं पाणी तापवायला स्वतः खटपट करायची वेळ आली तेव्हा कुठं ऊन आठवलं. पुढे कॅलिफोर्नियात हे यंत्र फार चाललं. पॅसाडेना गावात १८९७ पर्यंत साधारण तिसरा हिस्सा घरांवर ते बसलं होतं. त्यात एकच दोष, रात्री पाणी गार व्हायचं. १९०९ मध्ये विल्यम बेलीनं टाकी वेगळी करून तिला उष्णता धरून ठेवणारं आवरण घातलं, तेव्हा सकाळीही गरम पाणी मिळू लागलं. आज आपल्या गच्चीवरच्या सोलर गिझरची मूळ रचना तीच. मग तिथं नैसर्गिक वायू स्वस्त झाला, आणि चांगलं चाललेलं यंत्र लोकांनी काढून टाकलं.

आता आपल्या चुलीकडे येते, कारण तिथं माझा स्वतःचा जीव गुंतलाय. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं १९५०च्या दशकात मोठ्या वाटीसारख्या आरशाची सूर्यचूल तयार केली. ती बाजारात आली आणि पडली. तिला सूर्याप्रमाणे सारखं फिरवत बसावं लागे, रणरणत्या उन्हात उभं राहून स्वयंपाक करावा लागे, आणि चुलीला लाकूड गोळा करणं तेव्हा फुकट समजलं जाई. फुकट कोणासाठी, ते तुम्हाला सांगायला नको. १९८०च्या दशकात पेटीचा सोलर कुकर आला, सरकारी सवलतीत. वर काच, झाकणाला आरसा, आत चार काळे डबे. माझं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी हट्टानं तो घ्यायला लावला.

डाळ-भात शिजायला दोन-अडीच तास. शेंगदाणे तर असे खमंग भाजले जात की आजही आठवतात. पण पोळी नाही, फोडणी नाही. सकाळी नऊला डबे लावायचे तर डाळ-तांदूळ आठलाच निवडून, धुऊन तयार पाहिजेत, आणि मामंजी साडेदहाला जेवून दुकानात जाणार! म्हणजे त्यांच्यासाठी गॅसवर एकदा, आणि बाकीच्यांसाठी उन्हात एकदा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या वर्षी कुकर माळ्यावर गेला.

बऱ्याच घरांत सूर्यचूल चालली नाही याचं एक कारण असं की मुख्य जेवण रात्रीचं, आणि रात्री ऊन कुठून आणायचं? पण आपलं संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत. दुपारी तीनला काढलेली गरम डाळ साडेपाचला ताटात. सगळ्या देशात ही चूल कोणाच्या वेळापत्रकात बसणार होती तर ती आपल्या! तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही. सकाळच्या जेवणाच्या भांडणात मी संध्याकाळ विसरले.

उन्हापासून उष्णता घ्यायची ही झाली जुनी वाट. वीज घ्यायची वाट निराळी आहे आणि तीही आपल्याला वाटते तेवढी नवी नाही. प्रकाश पडला की काही पदार्थांतून वीज निर्माण होते हे फ्रान्सच्या एदमों बेकेरेलनं १८३९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पाहिलं. पण कामाचा सिलिकॉनचा सोलर सेल जगापुढे आला तो २५ एप्रिल १९५४ला, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी तो केला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांची वीज व्हायची. आज गच्चीवर बसणारे पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे आहेत. पण तेव्हा एका वॉटला जवळजवळ तीनशे डॉलर खर्च होता. घराचा एक पंखा चालवायचा तर घर विकावं लागलं असतं. म्हणून ही वीज घरांऐवजी आकाशात गेली. १९५८च्या व्हॅनगार्ड उपग्रहावर पहिले सोलर सेल लागले.

किंमत खाली कशी आली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९७०च्या सुमाराला वॉटला शंभर डॉलर होते. एलियट बर्मन या शास्त्रज्ञानं उपग्रहासाठी लागणाऱ्या अतिशुद्ध मालाचा हट्ट सोडला, साधं सिलिकॉन वापरलं, आणि भाव वीस डॉलरवर आणला. १९७३ला तेलाचे भाव भडकले तेव्हा सगळ्यांना सूर्य आठवला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवायचे ३२ पॅनेल बसवले. तेल स्वस्त झालं, रेगन आले, आणि १९८६ मध्ये ते उतरवले गेले. पॅसाडेनाचीच गोष्ट पुन्हा. ही साखळी तोडली ती जर्मनीनं. १९९० मध्ये त्यांनी हजार छपरांची योजना काढली आणि २००० साली कायदा केला, की घरच्या छपरावरची वीज ठरलेल्या चढ्या दरानं वीस वर्षं विकत घेतली जाईल. ढगाळ देशातल्या साध्या कुटुंबांनी महाग पॅनेल विकत घेतले, मागणी वाढली, चीनमध्ये प्रचंड कारखाने उभे राहिले, आणि आज तोच वॉट वीस-पंचवीस सेंटच्या आत मिळतो. आपल्याला स्वस्त मिळतंय ते त्यांनी महाग घेतलं म्हणून.

आपल्या देशानंही हात बांधून बघितलं नाही. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनं १९७७ मध्ये भारतातला पहिला सोलर सेल आणि १९७८ मध्ये पॅनेल केलं. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा विभाग निघाला, २०१०ला राष्ट्रीय सौर अभियान आलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांसाठी प्रधानमंत्री सूर्यघर योजना. घरासाठी १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तीला ७८,००० सबसिडी. पॅनेलमधले सेलही भारतात बनलेले हवेत ही अट आहे, तेव्हा बिल घेताना ते तपासून घ्या.

आता काही जणी विचारतील, यात धर्म कुठे आला? वीज सचित्त की अचित्त यावर साधुसंतांमध्येच मतभेद आहेत. मी त्यात पडणार नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. पण श्रावकानं टाळायच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म येतं, कोळसे पाडण्याचा धंदा. वनकर्म येतं, भूमी फोडण्याचं कर्म येतं. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज करायला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॉटचं, तिथली खाण, धूर, राख सगळं तिथंच राहतं आणि आपल्या घरात फक्त स्वच्छ बटण येतं. पॅनेल म्हणजे अहिंसा असं मी म्हणत नाही. सिलिकॉन वितळवायला भट्टी लागते, काच लागते, ॲल्युमिनियम लागतं. पण ते एकदा लागतं, आणि पॅनेल पंचवीस वर्षं काम करतं. रोज जाळणं आणि एकदा जाळणं यांत फरक आहे, इतकंच.

हिशेबाला बसू या. १ किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. ३ किलोवॉटचे महिन्याला साधारण साडेतीनशे. समजा तुमचा वापर महिना २५० युनिट आणि बिल अडीच हजारांच्या आसपास. संचाची किंमत १,८०,००० धरली, सबसिडी ७८,००० वजा, उरले १,०२,०००. वर्षाला सुमारे २८,००० वाचले तर पावणेचार वर्षांत पैसे वसूल असं विक्रेते सांगतात. इथं थांबा. ते एक लाख बँकेत असते तर वर्षाला सहा-सात हजार व्याज मिळालं असतं. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागेल, त्याचा घसारा धरा. मीटरचा स्थिर आकार चालूच राहतो. हे सगळं धरून मी सव्वापाच ते साडेपाच वर्षं मानते. तरीही पुढची वीस वर्षं हातात राहतात. मात्र ज्यांचा वापर शंभर युनिटच्या आत आहे, म्हणजे म्हातारी दोघंच माणसं, त्यांनी घाई करू नये. त्यांचा दर मुळात कमी असतो, वसुली फार लांबते. आणि वापर २५० असताना "सोबत अजून दोन किलोवॉट घेऊन टाका" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सबसिडी ३ किलोवॉटनंतर वाढत नाही, आणि परिग्रहाचं परिमाण गच्चीलाही लागू करावं.

नेट मीटर म्हणजे आपली जमा-नावे वही. दुपारी जास्त झालेले युनिट बाहेर जातात ते जमा, रात्री घेतो ते नावे. एप्रिल-मेची शिल्लक चातुर्मासातल्या ढगाळ दिवसांत कामी येते. आर्थिक वर्ष संपताना हिशेब मिटतो, तेव्हा उरलेल्या युनिटना मिळणारा भाव फार कमी असतो. पण वहीच्या पलीकडची एक गोष्ट मला बोलायची आहे. महिनाअखेर मीटरवर शून्य आलं तरी रात्री नऊला आपल्याकडे येणारी वीज उन्हाची नसते. ती पुन्हा कोळशाची असण्याचाच संभव जास्त. खरं ऊन वापरायचं तर वॉशिंग मशीन, मिक्सर, पाण्याची मोटर, इस्त्री, ही कामं दहा ते चारमध्ये उरकली पाहिजेत. इतर घरांना हे अवघड जाईल. आपली चूल तर दिवस मावळायच्या आत थंड होते! मी इंडक्शनवर संध्याकाळची भाजी चारला टाकते. जो डाव सोलर कुकरच्या वेळी माझ्या हातून गेला, तो असा परत आला.

फसगत कुठं होते तेही सांगते. आमच्याकडे एका विक्रेत्यानं छातीठोकपणे सांगितलं, "आता लाईट गेली तरी तुमच्याकडे उजेड." खोटं! बॅटरी नसलेला साधा संच बाहेरची लाईट गेली की आपोआप बंद पडतो. तो मुद्दाम तसा केलेला असतो. बाहेर खांबावर वायरमन चढलेला असला आणि आपल्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. हे कारण कळल्यावर माझा राग विक्रेत्यावर राहिला, संचावरचा गेला.

दुसरी अडचण बायकांनीच लक्षात घेण्यासारखी. अर्ज ज्याच्या नावावर मीटर आहे त्याचा, आणि सबसिडी जमा होते ती अर्जदाराच्या खात्यात. आमचं मीटर मामंजींच्या नावावर होतं आणि त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. दर महिन्याला बिल मी भरत होते, पण कागदावर मी कुठंच नव्हते. आधी नाव बदलून घेतलं, दीड महिना गेला. ह्यांनी विचारलं, "कुणाच्या नावावर करायचं?" मी म्हटलं, माझ्या. तुमच्याकडे बिलावर कुणाचं नाव आहे, ते आजच पाहून ठेवा.

सोलर गिझरबद्दल एक-दोघींनी विचारलं होतं. आंघोळीला, भांड्यांना उत्तम. पण त्यातलं पाणी उकळत नाही, तेव्हा प्रासुक समजू नका आणि चौक्यात ते वापरू नका. तिथं पाणी गाळून, उकळूनच.

कबुतरांचंही बघावं लागतं. पॅनेलखाली सावली आणि आडोसा मिळतो, ती घरटी करतात. जाळी बसवा, पण संच बसवतानाच, रिकाम्या जागेला. आमच्या शेजारी जाळी नंतर लावायला गेले तर आत दोन पिल्लं निघाली. ती उडेपर्यंत तीन आठवडे काम थांबवलं, हे त्यांनी चांगलं केलं. पॅनेल पुसायचे ते सकाळी उन्हाच्या आधी, आधी मऊ झाडूनं मुंग्या-किडे हलकेच बाजूला करून, मग ओल्या फडक्यानं. पाइप लावून धबधबा पाणी सोडायची काही गरज नाही.

आणि जाऊबाई, तुमच्या कुरडयांचं. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या भागात साधारण १७ अंश कलते बसतात आणि त्यांची सावली उत्तरेकडे पडते. तेव्हा त्यांना पॅनेल गच्चीच्या उत्तर बाजूला लावायला सांगा आणि दक्षिणेची आठ फुटांची पट्टी मोकळी ठेवायला लावा. नकाशावर आधी पेन्सिलीनं रेघ मारून घ्या, माणसं वर चढल्यावर कुणी ऐकत नाही. आमच्याकडे तशीच ठेवलीय. गहू परवा भिजत घातलेत, चीक शनिवारी निघेल. हात लावायला या.